बॅक्टेरिया एडिटिंग करतच नाहीत

जीन एडिटिंगबद्दल मराठीत कुठेही वाचायला घ्या, एक ओळ ठरलेली असते: बॅक्टेरियांकडे जीन एडिट करायची यंत्रणा होती आणि शास्त्रज्ञांनी ती उचलली. मला ही ओळ दिसली की राहवत नाही. बॅक्टेरिया एडिट-बिडिट काही करत नाहीत हो. ते कापतात, समोरच्याला संपवतात आणि पुढच्या कामाला लागतात. एडिटिंग हा प्रकार आपल्या पेशींचा आहे, आणि तोसुद्धा आपल्या पेशींना दुरुस्ती धड जमत नाही म्हणून. हे एवढं डोक्यात बसलं ना की क्रिस्परच्या, म्हणजे जीन एडिटिंगच्या या बॅक्टेरियांकडून घेतलेल्या तंत्राच्या, औषधांच्या बातम्या एकदम वेगळ्या वाचता येतात, कुठे ते झकास चालतंय, कुठे अडतंय आणि का, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

मी नोकरीने डेअरीतली मायक्रोबायोलॉजिस्ट. दही, श्रीखंड, योगर्ट, ताक, या सगळ्याच्या कल्चरशी, म्हणजे विरजणाच्या बॅक्टेरियांशी, रोजचा संबंध. त्यामुळे क्रिस्परकडे मी नोबेलच्या बाजूने नाही, दह्याच्या बाजूने आले, आणि खरं सांगायचं तर शोधाचा रस्ता पण बराचसा तिकडूनच आलाय.

आधी फेज. बॅक्टेरियोफेज म्हणजे बॅक्टेरियांना होणारे व्हायरस. आमच्या धंद्यात लोक ऑडिटरला घाबरत नाहीत तेवढे फेजला घाबरतात. दूध ९० डिग्रीला तापवून ४२-४३ वर आणलं, व्हॅटमध्ये कल्चर टाकलं, की पीएच साधारण ६.६ पासून हळूहळू उतरत ४.६ पर्यंत यायला पाहिजे. फेज घुसला असेल तर सुरुवातीला काहीच कळत नाही, पीएच नेहमीसारखा खाली येतो, सगळे निवांत, आणि मग साडेपाचच्या आसपास कुठेतरी तो जो अडकतो तो अडकतोच. शिफ्टचा पोरगा फोन करतो, मॅडम मीटरमध्ये कायतरी लोचा आहे, कॅलिब्रेट करा. मीटरला काही झालेलं नसतं. इन्क्युबेशन रूममधला कप उचलून तिरका केला की दही सरकत नाही, दूधच हलतं, वर पिवळसर पाण्याचा थर. मग खरेदीवाले म्हणतात कल्चर खराब आलं, कल्चरवाले म्हणतात तुमच्या दुधात अँटिबायोटिक असणार, आणि दूध संकलनवाले म्हणतात आमच्याकडे टेस्ट क्लिअर आहे. अशा एका रात्री आमचा एक अख्खा लॉट गटारात गेलाय, आणि तेव्हा सगळ्यात जास्त बोलणी कोणी खाल्ली ते सांगायची गरज नाही.

फेज आहे की नाही हे बघायची पद्धत मात्र मला अजून आवडते. त्या फसलेल्या दह्याचं पाणी बारीक फिल्टरमधून काढायचं, म्हणजे बॅक्टेरिया वर राहतात आणि फेज खाली जातो, मग प्लेटवर आपल्या कल्चरचा दाट थर वाढवायला ठेवून त्यावर त्या पाण्याचा एक एक थेंब सोडायचा. दुसऱ्या दिवशी जिथे थेंब पडला तिथे स्वच्छ पारदर्शक गोल, बाकी सगळी प्लेट धुरकट पांढरी. गोल म्हणजे तिथले बॅक्टेरिया साफ. पण प्लेट तशीच अजून थोडा वेळ राहू दिली ना, तर त्या स्वच्छ गोलाच्या आत टाचणीच्या टोकाएवढ्या दोन-चार कॉलनी उगवलेल्या दिसतात. आजूबाजूचे सगळे मेले, हे वाचले. का वाचले?

क्रिस्परची सगळी गोष्ट या एका प्रश्नात आहे. पण ती सांगायच्या आधी थोडं मागे, कारण बॅक्टेरियांच्या शस्त्रांवर आपण हात मारला तो काही पहिल्यांदा नव्हे.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला साल्व्हाडोर लुरिया अमेरिकेत फेजवर काम करत होते. ई. कोलायच्या एका प्रकारात फेज घुसायचा, पेशी मरायची, पण बाहेर नवीन फेज काही निघताना दिसायचे नाहीत. एकदा त्यांची ई. कोलायची टेस्ट ट्यूब फुटली, म्हणून शेजारच्या लॅबमधून शिगेला नावाचे दुसरे बॅक्टेरिया आणून त्यावर तेच फेज टाकले, तर तिथे ते मजेत वाढले. म्हणजे फेज तयार होत होते, फक्त ठराविक बॅक्टेरियात त्यांची डाळ शिजत नव्हती. पुढे वेर्नर आर्बर यांनी दाखवलं की बॅक्टेरियाकडे डीएनए कापणारी एन्झाइम असतात आणि स्वतःच्या डीएनएवर ते खूण करून ठेवतात म्हणून तो कापला जात नाही. १९७० मध्ये हॅमिल्टन स्मिथ यांनी डीएनएच्या (ए, टी, जी, सी यातल्या) ठराविक अक्षरांवरच कापणारं एन्झाइम वेगळं काढलं, डॅनियल नेथन्स यांनी त्याने एका व्हायरसच्या डीएनएचे तुकडे करून नकाशा मांडला, आणि १९७८ चं नोबेल तिघांना मिळालं. याच कापणाऱ्या, म्हणजे रिस्ट्रिक्शन, एन्झाइमच्या जोरावर माणसाचं इन्सुलिन बॅक्टेरियात बनवता आलं. तुमच्या घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर फ्रीजच्या दारातली ती छोटी बाटली किंवा पेन ही फेज-बॅक्टेरिया भांडणाची पहिली कमाई. क्रिस्पर ही दुसरी. याचं मला नेहमी नवल वाटतं की पहिल्या वेळी एवढं घबाड हाती लागूनसुद्धा, अजून काय काय आहे हे शोधायला तिकडे परत बघावं असं कितीतरी वर्षं फारसं कोणाला सुचलं नाही.

१९८७ मध्ये जपानमध्ये ओसाका विद्यापीठात योशिझुमी इशिनो आणि त्यांचे सहकारी ई. कोलायचा एक जीन वाचत होते, त्या जीनच्या शेजारी त्यांना २९ अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा दिसला, मध्ये मध्ये ३२ अक्षरांची वेगवेगळी जागा. पेपरच्या शेवटी त्यांनी लिहिलं की याचा अर्थ माहीत नाही. एवढंच. प्रामाणिक वाक्य, पण मग वर्षानुवर्षं ते तिथेच पडून राहिलं.

मग येतात फ्रान्सिस्को मोजिका, स्पेनमधल्या अलिकान्ते विद्यापीठाचे. त्यांच्या गावाजवळ सांता पोलाची मिठागरं आहेत, आणि तिथल्या भयंकर खारट पाण्यात राहणारा हॅलोफेरॅक्स नावाचा सूक्ष्मजीव हा त्यांचा पीएचडीचा विषय. त्याच्यातही तसेच पुन्हा पुन्हा येणारे तुकडे दिसले. हा जीव कुठे, ई. कोलाय कुठे, नात्यागोत्याचा काही संबंध नाही, तरी मांडणी तीच, म्हणजे हे काहीतरी कामाचं असणार असं त्यांनी धरून ठेवलं. याच मांडणीला पुढे क्रिस्पर हे नाव पडलं. सगळे त्या सारख्या तुकड्यांकडे बघत होते, खरा माल मधल्या वेगळ्या तुकड्यांत होता. २००३ मध्ये मोजिका ते मधले तुकडे एकेक करून डेटाबेसमध्ये शोधत बसले, आणि ई. कोलायच्या एका तुकड्याशी पी१ नावाच्या फेजचा डीएनए जुळला, आणि गंमत म्हणजे तो ई. कोलाय त्या फेजला दाद देत नाही हे आधीपासून माहीत होतं. असे आणखी सापडत गेले. त्यांनी लिहिलं की ही बॅक्टेरियाची आठवण ठेवणारी रोगप्रतिकारशक्ती असणार. मोठ्या मोठ्या जर्नल्सनी पेपर परत पाठवला, शेवटी २००५ मध्ये तो छापून आला, त्यामानाने एका लहान जर्नलमध्ये. त्याच वर्षी फ्रान्समधल्या दोन वेगळ्या गटांनी जवळपास हेच म्हटलं. क्रिस्परसाठी दिलेल्या २०२० च्या नोबेलमध्ये मोजिकांचं नाव नव्हतं आणि मला ते अजून पटत नाही. बक्षीस केमिस्ट्रीचं होतं, टूल बनवण्यासाठी होतं, वगैरे सगळं मान्य, तरी पण.

आता आमचे लोक. डॅनिस्को ही डेन्मार्कची कंपनी, कल्चर विकणारी. तिच्यात फ्रान्सला फिलिप ऑर्व्हाथ आणि अमेरिकेत विस्कॉन्सिनला रोदोल्फ बारांगू. त्यांच्याकडे स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलसचे ढीगभर प्रकार, हाच तो योगर्टचा बॅक्टेरिया, आणि क्रिस्परचे तुकडे ते आधी वापरत होते ते नुसते एक कल्चर दुसऱ्यापासून ओळखायला. मग त्यांनी तोच प्रयोग केला जो मी वर सांगितला. कल्चरवर फेज सोडला, जे वाचले ते गोळा केले, असे ९ वाचलेले प्रकार घेऊन त्यांच्या क्रिस्परच्या जागेतला डीएनए वाचला. प्रत्येकात नवीन तुकडा भरलेला होता, आणि तो तुकडा त्याच फेजचा होता ज्याने हल्ला केला होता. इथपर्यंत सुद्धा कोणी म्हणू शकतं की योगायोग. म्हणून त्यांनी तो तुकडा काढून टाकला, तर बॅक्टेरिया परत मरायला लागले. ज्याच्यात नव्हता त्याच्यात तो घातला, तर त्याला त्या फेजचं काही होईना. आणि शेजारचा एक मोठा जीन बंद केला तर तुकडा असूनही संरक्षण गेलं. त्या जीनपासून बनणारं, डीएनए कापणारं प्रोटीन म्हणजे आजचं कॅस९. २००७ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये हे आलं. एका डेअरी कल्चरच्या कंपनीने, कल्चर बंद पडू नये या साध्या धंद्याच्या गरजेपोटी केलेलं हे काम आहे, आणि इतकं स्वच्छ काम आहे की आमच्याकडे नवीन येणाऱ्या पोरापोरींना मी तोच पेपर आधी वाचायला देते. नंतर त्यांनी अशी फेजला तयार असलेली कल्चर्स बाजारातही आणली, आणि त्यात बाहेरून कोणी जीन घातलेला नसतो, बॅक्टेरियाने स्वतःच तुकडा उचललेला असतो, आपण फक्त वाचलेले निवडतो.

चालतं कसं ते आता. फेज आपला डीएनए आत सोडतो. बॅक्टेरियाची दोन प्रोटीन, कॅस१ आणि कॅस२, त्यातला तीसेक अक्षरांचा तुकडा उचलून स्वतःच्या डीएनएत एका ठरलेल्या जागी लावतात, आणि नवीन तुकडा नेहमी एकाच टोकाला लागतो, म्हणजे डेअरीच्या गेटवरचं आवक रजिस्टर समजा, फक्त ताजी नोंद सगळ्यात वर. त्या रजिस्टरच्या आरएनए कॉपी निघतात, कापून एकेक नोंद वेगळी होते, आणि कॅस९ सारखं प्रोटीन ती नोंद हातात धरून पेशीत हिंडत राहतं. आत आलेल्या डीएनएशी ती जुळली की दोन्ही धागे कापून टाकायचे. आणि रजिस्टर डीएनएतच असल्यामुळे पेशी दुभंगली की पोरीबाळींना ते आयतं मिळतं, आजीला झालेल्या हल्ल्याची नोंद नातीकडे. आपल्याला हे जमत नाही, आपल्या गोवरच्या लसीची आठवण आपल्या मुलांकडे वारशाने जात नाही.

आता यात एक मोठी अडचण आहे, नीट विचार केला तर लगेच लक्षात येईल. रजिस्टरमध्ये स्वतःच्याच डीएनएत फेजचा तुकडा लिहून ठेवलाय. मग कॅस९ त्यालाच जाऊन का कापत नाही? तर कॅस९ नुसती नोंद जुळवत नाही, ते आधी शेजारी एक छोटी खूण बघतं. गळ्याचं इन्फेक्शन करणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस पायोजेनेसचं कॅस९, जे लॅबमध्ये सगळ्यात जास्त वापरलं जातं, त्याला शेजारी दोन जी लागोपाठ हवे असतात. फेजच्या डीएनएत ते असतात, रजिस्टरमध्ये तुकड्याच्या शेजारी ते नसतात. खूण नसेल तर कॅस९ तिथे थांबतच नाही. या खुणेला पॅम म्हणतात. जीन एडिटिंग करणाऱ्या लोकांची कायम तक्रार असते की हवी ती जागा कापता येत नाही, पॅम शेजारी नाही, आणि मग वेगळे पॅम चालणारे कॅस शोधा किंवा बनवा असे उद्योग चालतात. आपल्याला जी कटकट वाटते तो त्या बॅक्टेरियाचा जीव वाचवणारा नियम आहे.

चुकीच्या जागी कापण्याचंही तेच. ऑफ-टार्गेट, ऑफ-टार्गेट म्हणून सगळे ओरडतात, नोंदीतली एक-दोन अक्षरं इकडेतिकडे असली तरी कॅस९ कधीकधी कापून टाकतं. पण बॅक्टेरियाच्या जागी उभं राहून बघा. फेज सारखा बदलत असतो, एक अक्षर बदललं म्हणून सोडून दिलं तर संपलंच. आणि त्याचा स्वतःचा डीएनए जेमतेम १८ लाख अक्षरांचा, त्यात २० अक्षरांचा तुकडा चुकून दुसरीकडे जुळायची शक्यता नगण्य. आपला डीएनए ३०० कोटी अक्षरांचा. त्या एन्झाइमला कोणी सांगितलं होतं का की तुला एवढ्या मोठ्या गोदामात काम करायचंय म्हणून.

२००८ ते २०१२ मध्ये गोष्टी फटाफट झाल्या, सगळ्या सांगत बसत नाही. नेदरलँड्समध्ये आरएनएची भूमिका कळली, अमेरिकेत लुचियानो माराफिनी आणि एरिक सॉन्थायमर यांनी दाखवलं की निशाणा डीएनएवरच असतो, क्यूबेकमध्ये सिल्व्हाँ मुआनो यांच्या लॅबने (पुन्हा डेअरी फेजवाली माणसं!) दोन्ही धागे एकाच जागी कापले जातात हे पकडलं. इमान्युएल शार्पाँतिये यांना पायोजेनेसमध्ये एक दुसरा छोटा आरएनए सापडला ज्याच्याशिवाय काम चालतच नाही. २०११ मध्ये पोर्तो रिकोच्या एका कॉन्फरन्समध्ये त्यांची आणि जेनिफर डाउडना यांची भेट झाली (२०२० चं नोबेल याच दोघींचं), आणि जून २०१२ च्या पेपरमध्ये त्यांच्या गटांनी ते दोन आरएनए जोडून एकच केला आणि दाखवलं की त्यातली २० अक्षरं बदलली की कॅस९ म्हणाल तिथे कापतं. लिथुआनियात विल्नियसला विर्गिनियस शिकश्निस यांनी जवळजवळ हेच काम दह्याच्याच स्ट्रेप्टोकोकसच्या कॅस९ वर करून एप्रिलमध्येच पेपर पाठवला होता, तो जर्नलने परत केला, दुसरीकडे छापून येईपर्यंत सप्टेंबर उजाडला. ते स्वतः कितीतरी वर्षं रिस्ट्रिक्शन एन्झाइमवर काम केलेले, म्हणजे पहिल्या कमाईतला माणूस दुसऱ्या कमाईच्या दारात आणि तिथे उशीर. जानेवारी २०१३ मध्ये फेंग झांग आणि जॉर्ज चर्च यांच्या गटांनी माणसाच्या पेशीत ते चालवून दाखवलं. मग पेटंटची भांडणं, त्याबद्दल मला काही बोलायचं नाही, कंटाळवाणं आहे.

तर माणसाच्या पेशीत. इथेच माझा मूळ मुद्दा येतो. बॅक्टेरियात कॅस९ ने फेजचा डीएनए कापला की फेज खलास, आणि चुकून स्वतःचा कापला तर बहुतेक वेळा बॅक्टेरियाच खलास, कारण तुटलेली दोन टोकं नुसती चिकटवून टाकायची सोय बहुतेक बॅक्टेरियांकडे नसते. आपल्या पेशींकडे ती असते. दोन्ही धागे तुटले की आपली पेशी घाईघाईने टोकं जोडते, आणि जोडताना दोन-चार अक्षरं गाळते किंवा जास्तीची घालते. नीट जुळलं तर कॅस९ परत येऊन परत कापतं, जोपर्यंत जोडणी चुकत नाही तोपर्यंत. एकदा चुकली की नोंद जुळत नाही, कॅस९ निघून जातं, जीन बिघडलेला राहतो. या बिघाडालाच आपण एडिट म्हणतो! पेशीला सोबत नमुना देऊन हवं ते अक्षर लिहून घेणं पण शक्य आहे, पण ते सगळ्या पेशींत होत नाही आणि कमी प्रमाणात होतं. बिघडवणं सोपं, दुरुस्त करणं अवघड, कारण हत्यार मुळात संपवायला बनलंय.

आणि म्हणून आजपर्यंत जे यश दिसतंय त्यातलं बरंचसं काहीतरी बिघडवून मिळवलेलं आहे. सिकलसेलचं उदाहरण घ्या, विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या लोकांना हा आजार सांगायला नको, घरात नाहीतर गावात कोणी ना कोणी एसएस, म्हणजे आईवडील दोघांकडून चुकलेला जीन आलेलं, असतंच. हिमोग्लोबिनच्या जीनमध्ये एक अक्षर चुकलेलं, ए च्या जागी टी, त्यामुळे ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग ती हाडं फोडणारी दुखणी. कोणालाही वाटेल की क्रिस्परने ते एक अक्षर दुरुस्त केलं असेल. नाही. कॅसजेव्ही नावाची जी ट्रीटमेंट नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मंजूर केली, ती त्या चुकलेल्या अक्षराला हातही लावत नाही. आईच्या पोटात असताना बाळ वेगळं हिमोग्लोबिन बनवतं, ते जन्मानंतर बंद होतं, बंद करणारा एक जीन आहे, बीसीएल११ए, आणि रक्ताच्या पेशींमध्ये त्या जीनला चालू ठेवणारी जी डीएनएची जागा आहे ती कॅस९ ने बिघडवायची. बंद करणारा नरमला की बाळाचं हिमोग्लोबिन परत सुरू होतं, आणि ते असलं की पेशी वाकत नाहीत. ज्याने कोणी हे सुचवलं असेल त्याला साष्टांग नमस्कार, हत्याराला जे जमतं तेच काम त्याला दिलं.

आपल्याकडे मे २०२५ मध्ये जीन एडिट केलेल्या भाताचे दोन वाण जाहीर झाले, हैदराबादच्या संस्थेचा सांबा महसुरीवरून केलेला कमला आणि दिल्लीच्या पुसा कृषी संस्थेचा डीएसटी राइस १. दोन्हींत नवीन काही घातलेलं नाही. एकात दाण्यांची संख्या आवरून धरणारा जीन बंद केलाय, दुसऱ्यात दुष्काळ आणि खारट जमीन सोसायला आड येणारा जीन बंद केलाय. पुन्हा बंदच.

नमुन्याच्या भरवशावर न राहता थेट अक्षर बदलायचं असेल तर कॅस९ ची कापायची ताकद काढून घ्यावी लागते, पूर्ण नाही तर अर्धी, आणि त्याला फक्त पत्ता शोधायला ठेवून त्याच्या पाठीवर दुसरं एन्झाइम बसवायचं जे एक अक्षर रसायनाने बदलतं. बेस एडिटिंग, डेव्हिड लिऊ यांच्या लॅबचं २०१६ पासूनचं काम. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळासाठी, ज्याच्या यकृतातला अमोनिया काढणारा जीन बिघडलेला होता, खास त्याच्याच चुकीसाठी असं औषध काही महिन्यांत बनवून दिलं. मला विचाराल तर जीन एडिटिंग हा शब्द खरा इथे लागू होतो. म्हणजे बॅक्टेरियाच्या शस्त्राची धार बोथट केल्यावर.

फेज काय हातावर हात धरून बसलेले नाहीत. २०१३ मध्ये टोरांटोच्या लॅबमध्ये सापडलं की काही फेज क्रिस्परला सरळ जाम करणारी छोटी प्रोटीन सोबत घेऊन येतात, अँटी-क्रिस्पर. आपल्याला ती उपयोगाची, कारण कॅस९ एकदा पेशीत सोडलं की थांबवायचं कसं हा प्रश्नच आहे, थांबवायचं बटण समोरच्या पार्टीनेच बनवून ठेवलंय. आणि २०१८ मध्ये इस्रायलमधल्या रोटेम सोरेक यांच्या गटाने बॅक्टेरियांच्या डीएनएत असे बचावाचे जीन जिथे घोळक्याने राहतात तिथे आजूबाजूला काय आहे ते चाळलं आणि एका फटक्यात कितीतरी नवीन यंत्रणा बाहेर काढल्या. आज असे शंभराहून जास्त प्रकार माहीत आहेत. काहींत पेशी स्वतःच मरते म्हणजे फेज पुढे पसरू नये. काहींचे भाऊबंद आपल्या शरीरात आहेत, व्हायरस आलाय हे ओळखणारी आपली काही प्रोटीन बॅक्टेरियांकडूनच आलेली दिसतात. तिसरी कमाई यातूनच कुठून तरी निघेल, आणि कुठली ते आज कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आपल्या देशातलं. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी जीनोमिक्स संस्थेमध्ये देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांच्या गटाने फ्रान्सिसेला नोव्हिसिडा या बॅक्टेरियाचं कॅस९ धरलं, ते वरच्या पायोजेनेसवाल्यापेक्षा जास्त काटेकोर आहे, एखाद-दुसरं अक्षर चुकलं तरी मागे हटतं. कोविडच्या वेळी २०२० मध्ये त्यावरच कागदी पट्टीची फेलुदा टेस्ट निघाली होती, आठवत असेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच संस्थेची सिकलसेलवरची ट्रीटमेंट बिरसा १०१ या नावाने जाहीर झाली, आणि पुढचं काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटबरोबर आहे. कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटींच्या वर. ती किंमत बघून गडचिरोलीतल्या माणसाने काय करायचं, म्हणून सीरमचं नाव ऐकून मला बरं वाटलं, स्वस्तात आणि ढिगाने बनवायची त्यांना सवय आहे.

पण एन्झाइम स्वस्त झालं म्हणून ट्रीटमेंट स्वस्त होत नाही, हे व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड करणाऱ्यांनी जरा ध्यानात घ्यावं. पेशंटच्या स्टेम सेल बाहेर काढायच्या, लॅबमध्ये त्यांच्यातला डीएनए कापायचा, पेशी तपासायच्या, तोपर्यंत थांबायचं, मग जुनी अस्थिमज्जा रिकामी करायला जबरदस्त केमो द्यायची, आणि मग त्या पेशी परत सोडून अनेक आठवडे इन्फेक्शन होऊ नये म्हणून बंद खोलीत ठेवायचं. खोली, नर्स, रक्तपेढी, केमोमुळे पुढे मूल होण्यात येणारी अडचण, हे सगळं कॅस९ च्या बाहेरचं आहे. शरीरात थेट इंजेक्शन देऊन मज्जेतल्या पेशींपर्यंत पोचायची खटपट बऱ्याच ठिकाणी चालू आहे, यकृतापर्यंत ते पोचतं, मज्जेपर्यंत नेणं अवघड जातंय. तोपर्यंत सिकलसेलवाल्या घरात हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या, भरपूर पाणी आणि लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी हेच चालू राहणार, आणि आरोग्य केंद्रात त्या गोळ्या संपल्या की क्रिस्परची बातमी छापलेल्या पेपरात बांधून काही त्या मिळत नाहीत.

कॉमेंटमध्ये कोणीतरी नक्की विचारणार म्हणून आधीच सांगते, रोजचं दही खाल्ल्याने त्यातलं क्रिस्पर तुमचे जीन बदलत नाही. त्या थर्मोफिलसला त्याचे फेज पुरून उरलेत, तुमच्याकडे बघायला त्याला वेळ नाही.